भेट, विष आणि लग्न : 'गिफ्ट' या एका शब्दाविषयी

शब्दवेल्हाळ

गेल्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदाच आमच्याकडे श्टुटगार्टला आली होती. बागेसाठी माती आणि कुंड्या आणायला आम्ही दोघी एका मोठ्या दुकानात गेलो असताना तिने खालच्या फळीवरचे एक खोके उचलले. त्यावर उंदराचे चित्र होते आणि ठळक अक्षरांत 'राटेनगिफ्ट' असे लिहिलेले होते. आईला इंग्रजी वाचता येते, जर्मन येत नाही. ती खोके उलटसुलट करून पाहत म्हणाली, "अगं, हे उंदरांना भेट द्यायचं काय प्रकरण आहे?" मी तिला ते खोके खाली ठेवायला सांगितले आणि हात धुवून घ्यायला लावले, कारण जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलेला प्रश्न मात्र असा होता की त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. इंग्रज आणि जर्मन यांच्या भाषा सख्ख्या बहिणी असतील, तर एकीकडे 'गिफ्ट' म्हणजे प्रेमाने दिलेली वस्तू आणि दुसरीकडे तोच शब्द विष, हे झाले कसे? त्यानंतर काही महिने कोशांमधून आणि व्युत्पत्तीच्या पुस्तकांमधून जे हाती लागले, ते येथे मांडते आहे.

प्रथम आजची स्थिती. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, देणगी, आणि अंगभूत गुणही. जर्मनमध्ये फक्त विष. डच भाषेत दोन्ही अर्थ शिल्लक आहेत, पण वेगळे पडलेले : देणगी असेल तर शेवटचा 'ट' टिकतो, आणि विष असेल तर तो बहुधा गळून 'खिफ' एवढेच उरते. (डच माणूस 'ग' चा उच्चार घशातून 'ख' सारखा करतो.) डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या तिन्ही भाषांत नाम म्हणून वापरला तर विष, आणि विशेषण म्हणून वापरला तर 'विवाहित'. भेट हा अर्थ तिथे रोजच्या बोलण्यात नाही. स्वीडिशमध्ये भेटीला 'गोव्हा' म्हणतात.

माझ्या समजुतीप्रमाणे हे तीन शब्द नाहीत, एकच शब्द आहे. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश यांच्या कुळात, 'देणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, म्हणजे इंग्रजी 'गिव्ह' आणि जर्मन 'गेबेन', त्याला 'ती' सारखा प्रत्यय लागून 'देण्याची क्रिया' अथवा 'दिलेली गोष्ट' या अर्थाचे नाम तयार झाले. संस्कृतात जसे 'गम्' पासून 'गति' आणि 'मन्' पासून 'मति' होते, तीच ही घडण; तो प्रत्ययही मुळात एकच आहे. मुळात शब्दाचा अर्थ केवळ 'देणे' एवढाच. काय दिले, कोणी दिले आणि कोणाला दिले, हे त्यात नव्हते. प्रत्येक समाजाने ती रिकामी जागा आपापल्या परीने भरली, आणि पुढे जे भरले तेच शब्दाचा अर्थ होऊन बसले.

जाणकारांनी भर घालावी, चुकले असेल तेथे दुरुस्तही करावे.

पेठकर

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. मराठीत झाडाचे पान, विड्याचे पान आणि वहीचे पान हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, हे उघड दिसते. मात्र 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारला भरायची पट्टी, हे सारखे दिसत असले तरी वेगळे धरावेत की एक, यावर वाद होऊ शकतो. तसेच येथेही केवळ योगायोगाने दोन शब्द एका रूपात येऊन मिळाले नसतील कशावरून? 'देणे' आणि 'विष' यांना जोडणारा पुरावा काय?

शब्दवेल्हाळ

पेठकर, शंका रास्त आहे. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. जोडणारे पुरावे तीन सापडले.

पहिला पुरावा आजच्या जर्मनमध्येच आहे. 'मिटगिफ्ट' म्हणजे हुंडा किंवा आंदण. 'मिट' म्हणजे सोबत, तेव्हा शब्दशः 'सोबत दिलेले'. म्हणजे 'देणगी' हा अर्थ जर्मनमधून पुरता गेलेला नाही, तो या एका जोडशब्दाच्या आडोशाला जिवंत आहे. त्यातही पाहण्यासारखी गोष्ट लिंगाची. 'विष' या अर्थाचा 'गिफ्ट' आज नपुंसकलिंगी आहे, पण 'मिटगिफ्ट' स्त्रीलिंगी आहे. हे स्त्रीलिंग म्हणजे मूळ शब्दाचे जुने लिंग. जुन्या जर्मन ग्रंथांत विष या अर्थाचा 'गिफ्ट' सुद्धा स्त्रीलिंगी सापडतो, मध्येच पुल्लिंगीही होतो, आणि नपुंसकलिंगात उशिरा स्थिरावतो. दोन स्वतंत्र शब्द असते तर विषाने आधी देणगीचे लिंग घेऊन मग ते टाकण्याचे कारण नव्हते.

दुसरा पुरावा 'फेरगेबेन' या क्रियापदाचा. आज त्याचा अर्थ 'क्षमा करणे' असा आहे, पण जुन्या जर्मनमध्ये एखाद्याला 'फेरगेबेन' करणे म्हणजे त्याला विष घालणे. येथे तर 'गिफ्ट' हे नाम नाहीच; नुसत्या 'देणे' या क्रियापदाला एक उपसर्ग लागला आणि विषप्रयोग झाला.

तिसरा डच भाषेतला. 'बेखिफ्तिखन' म्हणजे देणगी देणे, उपकृत करणे, आणि 'फरखिफ्तिखन' म्हणजे विष देणे. फरक फक्त उपसर्गाचा. डच मुलाला शाळेत हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी शिकावे लागत असतील.

गोटेबर्गवासी

मी स्वीडनमध्ये 11 वर्षे आहे, म्हणून 'विवाहित' या अर्थाविषयी लिहितो. येथे आल्यानंतर रहिवासी नोंदणीचा अर्ज भरताना वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'ऊयिफ्ट' आणि 'यिफ्ट' असे पर्याय आले. स्वीडिशमध्ये 'इ' च्या आधीचा 'ग' हा 'य' सारखा उच्चारतात, पण कागदावर अक्षरे तीच इंग्रजीतली जी-आय-एफ-टी. त्यामुळे पत्नीने आणि मी दोघांनी मिळून तो रकाना तीनदा वाचला. 'ऊ' हा नकाराचा उपसर्ग आहे, आपल्या 'अ' सारखा. म्हणून 'ऊयिफ्ट' म्हणजे अविवाहित.

हे विशेषण 'लग्न लावून देणे' या क्रियापदाचे कृदन्त आहे. अगदी अक्षरशः भाषांतर करायचे तर 'दिलेली', म्हणजे 'दत्ता'. जुन्या स्वीडिश कायद्यात 'यिफ्तोमान' नावाची एक व्यक्ती असते : मुलीला लग्नात देण्याचा अधिकार ज्या पुरुषाकडे असतो तो. सहसा तो बाप, बाप नसल्यास दुसरा जवळचा नातेवाईक. 1734 च्या स्वीडिश विधिसंहितेचा पहिलाच भाग विवाहाविषयी आहे, आणि त्या भागाच्या नावातही हाच 'यिफ्ट' आहे. मूळ व्यवहारात मुलगी ही देण्याची गोष्ट होती, हे या शब्दात स्वच्छ दिसते. आज मात्र पुरुषही 'यिफ्ट' असतो, स्त्रीही असते, आणि 2009 पासून स्वीडनमध्ये दोन स्त्रियांचा किंवा दोन पुरुषांचा विवाह कायदेशीर झाल्यामुळे त्यांनाही हाच शब्द लागतो. कोणी कोणाला दिले, हा प्रश्नच आता त्या शब्दात उरलेला नाही.

विष हा अर्थ येथे जर्मनकडून आला असे मानतात. त्याआधीचा घरचा शब्द 'एत्तर' अजूनही सापाच्या विषाला वापरतात. आइसलँडिक भाषेने तर बाहेरचा शब्द घेतलाच नाही. तिथे विषाला आजही 'एतुर' म्हणतात. याच शब्दाचा जर्मन भाऊ 'आयटर', आणि त्याचा अर्थ पू.

पेठकर

गोटेबर्गवासी, 'यिफ्तोमान' हा शब्द वाचून मी उठून याज्ञवल्क्यस्मृती काढली. आचाराध्यायात विवाहाच्या प्रकरणात हा श्लोक आहे :

पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा ।
कन्याप्रदः पूर्वनाशे प्रकृतिस्थः परः परः ॥

बाप, आजोबा, भाऊ, कुळातील पुरुष आणि आई. आधीचा नसेल तर पुढचा, तो शुद्धीवर असला पाहिजे, आणि त्याला म्हणायचे 'कन्याप्रद'. 'यिफ्तोमान' आणि 'कन्याप्रद' हे एकमेकांचे तंतोतंत प्रतिशब्द आहेत. आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'कन्यादान' हा शब्द आजही छापला जातो, त्यामुळे आपल्याला हा अर्थ समजून घ्यायला स्वीडिश माणसापेक्षा कमी कष्ट पडतात.

माझी शंका फिटली. आपले तिन्ही पुरावे मान्य.

शब्दवेल्हाळ

लग्नाचा धागा आणखी मागे जातो. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी बायबल गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत आणले. त्यात लूकच्या शुभवर्तमानात मरिया ही योसेफाला वाग्दत्त होती, असे जेथे येते, तेथे 'वाङ्निश्चय' या अर्थी 'फ्रागिफ्ट्स' हा शब्द आहे. 'गिफ्ट' ला उपसर्ग लागून झालेला. मराठी बायबलातील 'वाग्दत्त' मध्ये 'दत्त' आहे, हे लिहिताना लक्षात आले. जुन्या इंग्रजीतही हा शब्द एकवचनात वधूसाठी दिलेले मूल्य आणि अनेकवचनात लग्न या अर्थी येतो. म्हणजे ज्या इंग्रजीत आज 'गिफ्ट' म्हणजे वाढदिवसाची वस्तू, तीही कधी स्वीडिशच्या वाटेवर होती.

खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. आमच्या विषयातून थोडे लिहिते, कारण विषाच्या अर्थाची किल्ली तेथे आहे असे मला वाटते.

आपण ज्याला 'डोस' म्हणतो, तो ग्रीक 'दोसिस'. त्याचा अर्थ 'देणे'. ग्रीक 'दिदोमि' आणि संस्कृत 'ददामि' हे शब्द शेजारी ठेवले की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. 'दा' हाच धातू. वैद्याने रुग्णाला एका वेळी जे द्यायचे ते 'दोसिस', आणि तेथून मात्रा. ग्रीक वैद्यकातला हा शब्द लॅटिन ग्रंथांमधून सबंध युरोपात पसरला. जर्मन भाषेतील 'गिफ्ट' ला विषाचा अर्थ चिकटला तो या 'दोसिस' च्या नमुन्यावर, असे पुष्कळ कोशकार मानतात : 'दिलेली मात्रा', मग 'दिलेली घातक मात्रा', मग विष. 'अँटिडोट' म्हणजे विषावरचा उतारा. तोही त्याच धातूचा, 'विरुद्ध दिलेले' असा.

उताऱ्याचा विषय निघाला म्हणून एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. इ.स.पूर्व 63 मध्ये मरण पावलेला, काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा मिथ्रिदातेस सर्व विषांवर चालणाऱ्या एकाच उताऱ्यासाठी युरोपच्या वैद्यकात शेकडो वर्षे प्रसिद्ध होता, आणि त्या औषधाला त्याचेच नाव पडले. हे नाव मूळचे इराणी, 'मिथ्राने दिलेला', म्हणजे आपल्या देवदत्तासारखे. तेथेही 'दा' च.

आमच्या वर्गात मी दर वर्षी सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याचे एक वाक्य फळ्यावर लिहिते. 1538 मध्ये आपल्यावरील आरोपांना उत्तर देताना त्याने लिहिले की सर्वच पदार्थ विष आहेत, विष नसलेले काही नाही; एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. विषविज्ञानाची सुरुवात अनेक जण या वाक्यापासून धरतात. आजवर मी ते इंग्रजीतूनच सांगत आले. हा धागा वाचून काल मूळ जर्मन वाक्य काढून पाहिले. त्यात विषासाठी 'गिफ्ट' आहे आणि मात्रेसाठी 'दोसिस'. त्या एका वाक्यातील दोन्ही महत्त्वाची नामे 'देणे' याच अर्थाची आहेत, एक जर्मन घरातले आणि एक ग्रीकांकडून आलेले. हे मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. यंदा फळ्यावर जर्मन वाक्यही लिहीन.

मळेवाडी

मी भाषेचा अभ्यासक नाही, शेतकरी आहे. पण हे सर्व वाचताना वाटले की आपल्या बोलण्यातही हेच घडलेले आहे.

आमच्याकडे कोणीही 'कीटकनाशक' म्हणत नाही. कपाशीवर 'औषध' मारतात, द्राक्षावर 'औषधाची' फवारणी होते. कृषी सेवा केंद्रात जाऊन 'उंदराचं औषध द्या' म्हणतात, आणि ताईंच्या आईंनी जे खोके उचलले ते तेच. उंदीर बरा व्हावा म्हणून ते औषध नसते, हे लहान मुलालाही कळते. गावात कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतले तरी माणसे 'विष' हा शब्द तोंडातून काढत नाहीत, 'औषध घेतलं' एवढेच हलक्या आवाजात सांगतात. साप चावला तर 'पान लागलं' म्हणायची जुनी रीत होती; सापाचे नाव रात्री घेत नसत.

आणि अगदी तुमच्या 'गिफ्ट' सारखे वाक्यही आमच्याकडे आहे. धडधाकट माणूस अचानक खंगायला लागला की म्हातारी माणसे विचारत, "याला कुणी काही दिलं तर नाही ना?" त्या 'काही दिलं' मध्ये काय दिले हे सांगावे लागत नाही.

शब्दवेल्हाळ

मळेवाडी, आपल्या शेवटच्या वाक्याने माझे निम्मे काम केले. जर्मन 'गिफ्ट' च्या बाबतीत कोशांमध्ये 'सौम्योक्ती' (कटू गोष्ट मऊ शब्दांत सांगणे) असा एक शब्द लिहून विषय संपवलेला असतो, आणि तो मला कोरडा वाटत होता. "याला कुणी काही दिलं तर नाही ना" हे ऐकल्यावर ती सौम्योक्ती माणसाच्या तोंडी कशी येते हे कळते. खलबत्ता यांनी सांगितलेली 'दोसिस' ची वाट विद्वानांच्या लॅटिनमधून येते; ही वाट ओट्यावरच्या कुजबुजीतून येते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असणे अशक्य नाही. फक्त ग्रीक शब्दाची नक्कल म्हणून एखादा समाज विषासाठी रोजचा शब्द बदलेल, हे मला एकटे पुरेसे वाटत नाही; त्या समाजाच्या बोलण्यात जागा तयार असावी लागते.

याच शब्दावर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1924 मध्ये 'गिफ्ट, गिफ्ट' या नावाचा छोटा लेख लिहिला होता. त्यांचे म्हणणे असे की प्राचीन जर्मानिक लोकांमध्ये देण्याची सर्वांत नेहमीची वस्तू म्हणजे एकत्र बसून प्यायचे पेय. हातात आलेल्या पेल्यात काय आहे, याची खात्री घेणाऱ्याला कधीच नसते. ते पेय देणाऱ्याशी बांधूनही घालते आणि घातही करू शकते. पुढे दानावरील त्यांच्या मोठ्या निबंधात त्यांनी महाभारताच्या अनुशासनपर्वाचा आधार घेतला, आणि दान घेणे जोखमीचे आहे हा विचार तेथून उचलला. 'प्रतिग्रह' घेताना सावध राहावे, त्याने ब्राह्मणाचे तेज कमी होते, हे आपल्या धर्मशास्त्रात वारंवार येते, ते पेठकर अधिक चांगले सांगू शकतील.

पेयाचा हा मुद्दा मला आधी ओढूनताणून आणलेला वाटला होता. मग दोन शब्द शेजारी मांडले. 'गिफ्ट' विषाकडे गेल्यावर भेटीसाठी जर्मनने जो शब्द रूढ केला तो 'गेशेंक', आणि तो 'शेंकेन' या क्रियापदाचा. 'शेंकेन' चा मूळ अर्थ पेय ओतून देणे. मद्य वाढणाऱ्या दुकानाला आजही 'शेंके' म्हणतात. उलट इंग्रजीतला विषाचा शब्द 'पॉइझन' आला फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'पोतिओ' पासून, म्हणजे 'पेय'. संस्कृत 'पा', 'पिबति' चा नातलग. तेव्हा जर्मन माणूस भेट म्हणतो ते मुळात ओतलेले पेय आहे, आणि इंग्रज विष म्हणतो तेही मुळात पेयच आहे; तर इंग्रज भेट म्हणतो आणि जर्मन विष म्हणतो तो शब्द एक. मी हे कागदावर चार कोपऱ्यांत लिहून बाण काढले तेव्हा मोस यांचे म्हणणे पटले.

खलबत्ता

या चौकोनात लॅटिन 'वेनेनुम' ला जागा द्यावी. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतील 'वेनेनो' किंवा 'वेलेनो' हा विषाचा शब्द त्यातूनच आला. अभ्यासक त्याचा संबंध 'व्हीनस' या प्रेमदेवतेच्या नावाशी लावतात, आणि संस्कृत 'वन्', म्हणजे इच्छा करणे, याच्याशीही. मूळ अर्थ बहुधा वशीकरणाचे पेय. नंतर तो कोणत्याही प्रभावी द्रव्याला लागला. रोमन कायदेपंडित गायस याने तर लिहून ठेवले आहे की जो 'वेनेनुम' म्हणतो त्याने ते वाईट की चांगले हेही सांगितले पाहिजे, कारण औषधेही 'वेनेना' च आहेत. कायद्याच्या पुस्तकात अशी सूचना करावी लागते, याचा अर्थ न्यायालयात त्यावरून घोळ होत असणार. ग्रीक 'फार्माकॉन' चेही तसेच, औषध आणि विष दोन्ही. मळेवाडी यांच्या कृषी सेवा केंद्रातले 'औषध' याच पंगतीत बसते.

अनामिका_ठाणे

फार सुंदर चर्चा. एक लहान प्रश्न : गोटेबर्गवासी म्हणतात की स्वीडिशमध्ये 'यिफ्ट' असा उच्चार आहे. मग इंग्रजीत 'गिफ्ट' असा कडक 'ग' का राहिला?

शब्दवेल्हाळ

अनामिका, तो राहिला नाही, परत आला. जुन्या इंग्रजीतही 'इ' च्या आधीचा 'ग' हा 'य' झाला होता, आणि हा शब्द 'यिफ्ट' असाच उच्चारला जाई. मध्ययुगीन इंग्रजीतही 'यिफ्ट' आणि 'येफ्ट' ही रूपे सापडतात. 'गिव्ह' चेही तेच, तो 'यिव्ह' होता. मग डेन्मार्क आणि नॉर्वेकडून आलेले व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत वसले, त्यांच्या भाषेत तेव्हा 'ग' कडक होता, आणि त्यांच्या तोंडचे रूप हळूहळू सबंध इंग्रजीने घेतले. लग्नाकडे झुकलेला घरचा 'यिफ्ट' मागे पडला आणि भेटीचा 'गिफ्ट' त्यांच्या उच्चारासह रुजला. गंमत अशी की त्यानंतर स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकांनी आपल्या घरी तो 'ग' मऊ करून 'य' केला, डॅनिश लोकांनी केला नाही. आपण मराठीत जो 'गिफ्ट' घेतला आहे, त्यातला 'ग' असा व्हायकिंगांच्या नावेतून आलेला आहे.

गोटेबर्गवासी

हे माहीत नव्हते. उद्या कार्यालयातल्या डॅनिश सहकाऱ्याकडून तिन्ही शब्द उच्चारून घेतो आणि ऐकू आले तसे येथे लिहितो.